जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना: टप्प्यांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वाचनालये, पतसंस्था, छापखाने आणि शाळांची कार्यालये यांच्या संगणकांवर असा पुष्कळ मराठी मजकूर पडून आहे, जो कधीकाळी मेहनतीने टंकलिखित केला गेला, पण आज नव्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन खच दिसतो. वाचनालयांच्या ग्रंथसूची, संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, समाजाच्या वधू-वर सूची, अहिराणी ओव्यांचे आणि म्हणींचे संग्रह असे हे सगळे साहित्य आहे. ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, आणण्याचे प्रयत्न होतात, परंतु बहुतेक ठिकाणी काम थेट चौथ्या-पाचव्या टप्प्यापासून सुरू होते: सगळा मजकूर निवडायचा, एखाद्या संकेतस्थळावरील परिवर्तकात (रूपांतर करणाऱ्या साधनात) टाकायचा, आलेले वरवर पाहायचे आणि जुनी फाइल पुसून टाकायची. असे केल्यास बिघाड लगेच दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कोणी एखादे नाव शोधायला जातो, नाव सापडत नाही, आणि तोवर पडताळणीसाठी मूळ प्रतही उरलेली नसते.

प्रत्यक्ष रूपांतर हा या कामातला सर्वांत छोटा भाग आहे. खरा वेळ त्याच्या आधीच्या तयारीला आणि नंतरच्या तपासणीला लागतो, आणि तो तसाच द्यावा.

आधी हे समजून घ्या: बिघाड नेमका कोठे होतो

जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. तिथे इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्या संकेतांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी 'डी' या लहान अक्षराच्या जागी 'क' दिसतो, 'ई'च्या जागी 'म', आणि 'के'च्या जागी काना. श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी, आकृती यांची मांडणी यापेक्षा आणि एकमेकांपेक्षा वेगळी आहे. त्यामुळे एका फॉन्टसाठी केलेले रूपांतराचे कोष्टक दुसऱ्या फॉन्टला चालत नाही.

दुसरी अडचण क्रमाची आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे 'कर्म' या शब्दात 'र्' हा 'म'च्या आधी येतो आणि 'कि'मध्ये वेलांटी 'क'च्या नंतर येते. म्हणून परिवर्तकाला संकेत बदलणे आणि अक्षरांची जागा बदलणे अशी दोन कामे करावी लागतात. पहिले काम जवळपास सगळेच परिवर्तक नीट करतात, पण दुसऱ्यात अनेक चुकतात.

टप्पा १: मूळ प्रत सुरक्षित करा, फॉन्टसह

१. ज्या संगणकावर मजकूर आजही नीट दिसतो, तो संगणक आधी शोधा. त्याची विंडोज जुनी असली तरी ती बदलण्याच्या, स्वरूपण (फॉरमॅट) करण्याच्या किंवा 'अपडेट' करण्याच्या फंदात हे काम संपेपर्यंत पडू नका. काही जुनी टंकलेखन पॅकेजेस डोंगलशिवाय, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या छोट्या उपकरणाशिवाय, चालत नाहीत. तो डोंगल कोणाच्या कपाटात आहे, हेही आजच विचारून ठेवा.

२. सर्व फाइल्सची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी घ्या, उदाहरणार्थ एक बाह्य हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या संगणकावर. या प्रतींच्या फोल्डरला 'मूळ' असे नाव द्या आणि फाइल्सच्या गुणधर्मांत 'फक्त वाचन' ही खूण करा.

३. फाइल्सबरोबर त्यांत वापरलेले फॉन्टही विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून उचलून याच ठिकाणी ठेवा. फॉन्ट परवान्याचा असेल तर तो इतरांना वाटू नये, परंतु आपल्या विकत घेतलेल्या प्रतीबरोबर तो जतन करण्यास पर्याय नाही. फॉन्ट हरवला तर मूळ मजकूर कसा दिसत होता याचा पुरावाच हरवतो.

४. प्रत्येक दस्तऐवजाची एक पीडीएफ किंवा छापील प्रत त्याच जुन्या संगणकावरून काढा. पुढची सगळी पडताळणी याच प्रतीशी करायची आहे.

*तपासणी:* पीडीएफ दुसऱ्या, नव्या संगणकावर उघडा. तिथेही देवनागरी नीट दिसली तर फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला आहे. खच दिसला तर अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडून पीडीएफ पुन्हा काढा.

*इशारा:* जुन्या फॉन्टमधील फाइलमध्ये वर्डची स्वयंदुरुस्ती चालू ठेवून काहीही टंकू नका. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे झाले की मराठी अक्षरच बदलते. त्याहून घातक प्रकार अवतरणचिन्हांचा आहे. कृतिदेवमध्ये सरळ एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा 'श' आणि सरळ दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा 'ष' असतो. वर्डने ती चिन्हे वळणदार केली की 'शेतकरी' आणि 'विषय' यांसारखे शब्द आतून फुटतात. स्वयंदुरुस्ती आणि टंकताना होणारे आपोआप स्वरूपण ही दोन्ही आधी बंद करा.

टप्पा २: फॉन्ट ओळखा, आणि संपूर्ण नावाने ओळखा

'श्री-लिपीचा आहे' एवढी ओळख पुरेशी नाही. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातील फॉन्टांची मांडणी वेगळी असू शकते, आणि नावातला एखादा अंक किंवा अक्षर एवढीच त्याची खूण असते. म्हणून नाव अंकांसह, जसेच्या तसे वहीत उतरवा.

१. वर्डमध्ये मजकुराच्या वेगवेगळ्या भागांवर कर्सर ठेवून फॉन्टच्या चौकटीतील नाव पाहा. शीर्षक, मुख्य मजकूर, तळटीप, कोष्टक आणि पृष्ठाच्या माथ्यावरील ओळ या पाचही जागा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. छापखान्यात तयार झालेल्या फाइल्समध्ये शीर्षकाला हमखास वेगळा फॉन्ट असतो.

२. वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' भागात 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' ही सोय आहे. दस्तऐवजातील कोणते फॉन्ट या संगणकावर नाहीत, ते तिथे कळते. सगळे फॉन्ट उपलब्ध असल्याचा संदेश आला तरच डोळ्यांना दिसणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवा.

३. हाती फक्त पीडीएफ असेल, तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये दस्तऐवजाच्या गुणधर्मांतील 'फॉन्ट्स' हा भाग उघडा. तिथे नावांची यादी मिळते.

४. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइल्स असतील आणि पेजमेकर चालू स्थितीत असेल, तर प्रत्येक लेख त्यातून आरटीएफ स्वरूपात बाहेर काढा. पेजमेकर उरलेलेच नसेल, तर लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरचा 'ड्रॉ' हा भाग वापरून पाहा. २०१५ साली आलेल्या ४.४ या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइल्स उघडण्याची सोय त्यात आहे. मांडणी विस्कटते, मजकूर बहुधा हाती लागतो.

*इशारा:* या टप्प्यावर मजकूर नोटपॅडमध्ये किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवू नका. साध्या मजकुरात फॉन्टचे नाव राहत नाही, त्यामुळे मराठी कोणते आणि इंग्रजी कोणते हे सांगणारी एकमेव खूण नाहीशी होते. आरटीएफ, डॉक, डॉकएक्स किंवा ओडीटी यांपैकीच स्वरूप ठेवा.

टप्पा ३: मिश्र मजकूर वेगळा करा

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. अहवालात 'जीएसटी क्रमांक', ईमेल पत्ता, औषधाचे किंवा बियाण्याच्या वाणाचे इंग्रजी नाव असे तुकडे टाइम्स किंवा एरियल फॉन्टमध्ये असतात. संपूर्ण मजकूर एकदम परिवर्तकात टाकला की या खऱ्या इंग्रजी अक्षरांचेही देवनागरीत रूपांतर होते आणि अर्थहीन शब्द तयार होतात. रावेर किंवा यावलच्या केळी उत्पादकांच्या संस्थेच्या अहवालात 'ग्रँड नैन' हे वाणाचे नाव इंग्रजीत लिहिलेले असेल, तर रूपांतरानंतर ते काय होते हे एकदा करून पाहिल्यास हा टप्पा पुन्हा कोणी गाळणार नाही.

१. वर्डमध्ये 'रिप्लेस'ची खिडकी उघडा. 'शोधा'ची चौकट रिकामी ठेवून तिच्या स्वरूपणात इंग्रजी फॉन्टचे नाव निवडा. बदलीच्या चौकटीत ^& ही खूण लिहा. तिचा अर्थ 'जे सापडले तेच' असा आहे. तिच्या दोन्ही बाजूंना युनिकोड दुहेरी दंड, म्हणजे ॥, टाका. हा दंड जुन्या फॉन्टच्या संकेतांत बसत नसल्याने परिवर्तक त्याला हात लावत नाही.

२. आता सर्व इंग्रजी तुकडे दंडांमध्ये बंदिस्त दिसतील. तुकडे थोडे असतील तर प्रत्येकाच्या जागी ॥१॥, ॥२॥ असे क्रमांक टाकून मूळ तुकडे वेगळ्या फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवा. हे क्रमांक युनिकोड कळफलकानेच टंका, जुन्या फॉन्टने नव्हे.

३. तुकडे शेकड्यांनी असतील, तर फॉन्ट पाहून रूपांतर करणारा परिवर्तकच घ्यावा. हाताने करण्याचा हट्ट धरू नये.

४. मजकूर-चौकटी, तळटीपा, माथ्यावरच्या आणि तळाच्या ओळी यांतील मजकूर मुख्य प्रवाहात वेगळा नकलून आणा. 'सर्व निवडा' ही आज्ञा या जागांना स्पर्श करत नाही.

*तपासणी:* पीडीएफमधील तळटीपा आणि चौकटी मोजा, नंतर आपल्या कामाच्या फाइलमधील मोजा. आकडा जुळला पाहिजे.

टप्पा ४: परिवर्तक निवडण्याआधी कसोटीचा उतारा तयार करा

परिवर्तक चांगला की वाईट, हे त्याच्या जाहिरातीवरून कळत नाही. ते ठरवायला अवघड शब्दांचा एक छोटा उतारा लागतो. जुने टंकलेखन पॅकेज चालू असेल तर तो त्याच फॉन्टमध्ये टंकून घ्यावा, नसेल तर आपल्या दस्तऐवजांतूनच असे शब्द वेचावेत. खानदेशातील मजकुरासाठी पुढील शब्द पुरेसे कठीण आहेत:

वार्षिक, निर्मिती, आर्थिक, साक्री, पद्मालय, अक्कलकुवा, शिंदखेडा, केऱ्हाळे, वऱ्हाडी, ज्ञानेश्वर, श्रीक्षेत्र, राष्ट्र, कृषी, हृदय, दुःख, ॲडव्होकेट, ऑगस्ट, ओझे, आणि.

यादीतील शेवटचे दोन शब्द सोपे वाटतील. ते का घेतले, ते सातव्या टप्प्यात येईल.

उतारा परिवर्तकातून काढल्यावर दोष असे ओळखावेत. 'वार्षिक'चे 'वाषिर्क' झाले तर परिवर्तकाला वेलांटी हलवता येते, पण तिच्यावरून रफार पलीकडे नेता येत नाही. 'कर्म'चे 'कमर्' झाले तर त्याला रफार मुळीच हलवता येत नाही. शब्दाच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी दिसली तर वेलांटी हलवण्याची सोयच नाही. 'केऱ्हाळे'चे 'केर्हाळे' झाले तर तो परिवर्तक बहुधा हिंदी मजकुरासाठी केलेला आहे. हिंदीत हा अर्धा 'र' लागत नाही, म्हणून त्याच्या कोष्टकात तो नसतो. कृतिदेवचे अनेक मोफत परिवर्तक याच जातीचे असतात.

निवडीच्या वेळी तीन गोष्टी पाहा. आपल्या फॉन्टचे संपूर्ण नाव परिवर्तकाच्या यादीत आहे का? तो वर्डची किंवा आरटीएफ फाइल फॉन्ट पाहून बदलतो, की फक्त चिकटवलेला साधा मजकूर? आणि तो इंटरनेटशिवाय चालतो का? फॉन्ट विकणाऱ्या कंपन्यांच्या नव्या पॅकेजबरोबर त्यांच्याच जुन्या फॉन्टांसाठी परिवर्तक मिळतो का, हे आधी विचारावे, कारण स्वतःची मांडणी त्या कंपनीइतकी कोणाला ठाऊक नसते. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने याच कामासाठी 'परिवर्तन' नावाचे साधन तयार केलेले आहे, तेही कसोटीला लावून पाहावे.

*इशारा:* पतसंस्थेची सभासद यादी, वधू-वर सूची, विद्यार्थ्यांचे दाखले असा खासगी मजकूर अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. काही परिवर्तक ब्राउझरच्या आत, म्हणजे आपल्याच संगणकावर काम करतात, तर काही मजकूर बाहेर पाठवतात. फरक ओळखण्यासाठी पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि एखाद्या निरुपद्रवी ओळीचे रूपांतर करून पाहा. रूपांतर झाले नाही तर मजकूर बाहेर जातो, हे निश्चित समजा. झाले तरी खऱ्या मजकुराच्या वेळी इंटरनेट बंदच ठेवा आणि काम झाल्यावर ते पान बंद करूनच पुन्हा जोडा.

टप्पा ५: रूपांतर

कसोटीला उतरलेला परिवर्तक घेऊन आधी दस्तऐवजाची दोनच पाने करा. ती पीडीएफशी ओळ न् ओळ ताडून पाहा. जो दोष दोन पानांत दिसला तो दोनशे पानांत असणारच, आणि तो याच वेळी नोंदवला तर पुढे एका आज्ञेने सुधारता येतो. त्यानंतर एकेका प्रकरणाचे रूपांतर करा. संपूर्ण पुस्तक एकदम ब्राउझरमध्ये चिकटवल्यास शेवटचा भाग गुपचूप कापला जाण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक तुकड्याची पहिली आणि शेवटची ओळ जुळवावी. शीर्षकाचा फॉन्ट वेगळा असेल तर त्याचे रूपांतर वेगळे करावे. मिळालेला मजकूर लगेच 'रूपांतरित' या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा. 'मूळ' फोल्डर उघडण्याचे आता काही कारण नाही.

टप्पा ६: फक्त कागद किंवा चित्ररूप पीडीएफ असेल तर

फाइल मिळालीच नाही, किंवा फॉन्टची मांडणी कोणत्याच परिवर्तकाला ठाऊक नाही, तर प्रतिमेवरून अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, हाच मार्ग उरतो. फाइल हाती असताना मात्र हा मार्ग घेऊ नये. अक्षरओळखीतील चुका अनियमित असतात, परिवर्तकाच्या चुका नियमित असतात, आणि नियमित चुका एकदम सुधारता येतात.

१. पाने ३०० डीपीआयला, करड्या छटांत स्कॅन करा. बारीक टंकाची ग्रंथसूची असेल तर ४०० डीपीआय घ्या. पातळ कागदावर मागची छपाई उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा.

२. वाकडी पाने सरळ करा. दोन स्तंभांचे पान असेल तर स्तंभ कापून वेगळ्या प्रतिमा करा. ही काळजी घेतली नाही तर डाव्या आणि उजव्या स्तंभाच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि त्या सोडवण्यापेक्षा नव्याने टंकणे स्वस्त पडते.

३. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते. २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल जालावर आधारित पद्धत आहे. आज्ञा टंकण्याची सवय नसेल तर 'नॅप्स२' हे स्कॅनिंगचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते आतून टेसरॅक्टच वापरते. भाषा निवडताना मराठी निवडा, हिंदी नव्हे. मजकुरात इंग्रजी असेल तर दोन्ही भाषा एकत्र निवडा.

४. चार-दोन पानांसाठी गूगल ड्राइव्हवर प्रतिमा चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडण्याचा मार्ग सोपा आहे. खासगी कागदांसाठी तो वापरू नये.

*तपासणी:* 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' या जोड्या आणि सर्व अंक स्वतंत्रपणे कागदाशी ताडा.

टप्पा ७: यांत्रिक सफाई, याच क्रमाने

पुढील दुरुस्त्या लिबरऑफिस रायटरमध्ये 'शोधा आणि बदला' या खिडकीतून, नियमित पदावलीचा (रेग्युलर एक्स्प्रेशन्स) पर्याय चालू करून करता येतात. क्रम बदलू नका, कारण आधीची दुरुस्ती राहिली तर पुढचा शोध चुकीच्या जागा दाखवतो.

१. *उरलेली इंग्रजी अक्षरे.* इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा पूर्ण पल्ला चौकटी कंसात देऊन शोधा. दंडांत बंदिस्त असलेल्या तुकड्यांखेरीज जे अक्षर सापडेल, तो परिवर्तकाच्या कोष्टकात नसलेला संकेत आहे. एकच अक्षर वारंवार सापडत असेल तर ते कोणत्या देवनागरी आकारासाठी होते, हे पीडीएफवरून ठरवा आणि सर्व ठिकाणी एकदम बदला.

२. *पोरक्या मात्रा.* मोकळ्या जागेनंतर लगेच येणारी मात्रा, अनुस्वार किंवा पायमोड शोधा. पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसते. अशा जागी बहुतेक वेळा मधली मोकळी जागा अनावश्यक असते, पण काही वेळा अक्षरच गळालेले असते, म्हणून 'सर्व बदला' हे बटण येथे वर्ज्य समजावे.

३. *फसवे स्वर.* या दोषामुळे सर्वाधिक शोध वाया जातात, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'आ' हा 'अ' आणि काना असा टंकला जात असे. कच्चा परिवर्तक तो तसाच ठेवतो. पडद्यावर 'अाणि' आणि 'आणि' सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द आहेत. हीच गत 'अो' आणि 'ओ', 'आॅ' आणि 'ऑ', 'अॅ' आणि 'ॲ' यांची. स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे त्याआधीच्या साधनांनी तयार केलेल्या मजकुरात तो मिळणारच नाही. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबा. संपूर्ण अक्षर गेले तर ते खरे आहे. मागे 'अ' किंवा 'आ' उरला तर ते फसवे आहे. ही बदली मात्र 'सर्व बदला' वापरून निर्धास्तपणे करता येते. आधी 'आॅ' आणि 'अॅ', मग 'अो' आणि शेवटी 'अा' असा क्रम ठेवा, आणि 'अा'ची बदली झाल्यावर 'आॅ' पुन्हा एकदा शोधा, कारण 'अ', काना आणि चंद्र असे तीन तुकड्यांचे रूपही कधीकधी सापडते.

४. *ऱ्ह आणि ऱ्य.* हा अर्धा 'र' दोन प्रकारे साठवलेला आढळतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'ला पायमोड देऊन, किंवा साधा 'र', पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे मिळून. युनिकोडने पहिला प्रकार सुचवलेला आहे. संपूर्ण दस्तऐवजात तोच ठेवा. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांसारखे शब्द प्रत्येक पानावर येतात, त्यामुळे या एका दुरुस्तीने शोध लक्षणीय सुधारतो.

५. *विसर्ग.* जुन्या टंकलेखनात विसर्गाच्या जागी अपूर्णविराम दिलेला असतो. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये, जागा न सोडता आलेला अपूर्णविराम विसर्गात बदला. शब्दाच्या शेवटचे विसर्ग, म्हणजे स्वतः, अंशतः, विशेषतः, पुनः असे शब्द, एकेक करून बदलावे लागतात, कारण 'वेळ:' आणि 'स्थळ:' यांतील चिन्ह अपूर्णविरामच आहे.

६. *अंक.* देवनागरी की इंग्रजी, हे एकदा ठरवा. सभासद क्रमांक आणि रकमा कोष्टक-सॉफ्टवेअरमध्ये जाणार असतील तर तिथे इंग्रजी अंकच ठेवणे व्यवहार्य आहे, कारण देवनागरी अंकांना ते सॉफ्टवेअर अनेकदा संख्या न समजता मजकूर समजते आणि बेरीज होत नाही.

शेवटी ॥१॥, ॥२॥ या जागी मूळ इंग्रजी तुकडे परत बसवा.

टप्पा ८: माणसाने वाचणे

यांत्रिक सफाईनंतर मजकूर शुद्ध वाटू लागतो, आणि त्यामुळेच या टप्प्यावर घाई होते. दोघांनी बसावे: एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. एकट्यालाच करायचे असेल, तर एज ब्राउझरच्या 'मोठ्याने वाचा' या सोयीत मराठी आवाज आहेत. डोळा ज्या चुकीवरून सरकतो तिथे कान अडतो.

शब्दलेखन तपासणीचा मराठी विस्तार लिबरऑफिसमध्ये बसवता येतो. तो लाल रेघ कोठे मारतो ते पाहावे, पण त्याने सुचवलेला शब्द सरसकट स्वीकारू नये. अहिराणी मजकुराच्या बाबतीत तर हा नियम कडक पाळावा. अहिराणीत प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी अनेकदा 'य' येतो: 'डोया', 'काया', 'शाया'. 'शे', 'ऱ्हास', 'मना', 'तुना' ही रूपेही प्रमाण कोशात सापडणार नाहीत, किंवा सापडलीच तर वेगळ्या अर्थाने. 'सर्व दुरुस्त करा' म्हटले की एखाद्या आजीने सांगितलेली ओवी पुण्याच्या मराठीत येऊन बसते. अहिराणी, तावडी किंवा पावरी-भिली बोलीतील संग्रहासाठी आधी शब्दसूची करून ती वापरकर्त्याच्या कोशात भरावी, मगच तपासणी चालवावी.

हीच सूचना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादी साधनांनाही लागू आहे. जुन्या फॉन्टचा खच त्यांना देऊन 'हे मराठीत वाच' असे सांगणारे लोक आता वाढले आहेत. उत्तर अस्खलित मराठीत येते, पण जिथे साधनाला कळले नाही तिथे ते थांबत नाही; प्रसंगाला शोभेल असे वाक्य रचून पुढे जाते. परिवर्तकाची चूक विद्रूप दिसते म्हणून सापडते. येथील चूक सुबक असते म्हणून सापडत नाही. रूपांतरासाठी ही साधने वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रूपांतरित मजकुरातील संशयास्पद शब्दांची यादी करून घेण्यापुरता त्यांचा उपयोग होतो, आणि त्या यादीतील प्रत्येक शब्दाचा निर्णय कागद पाहूनच घ्यावा.

*इशारा:* रूपांतर करताना आशय 'अद्ययावत' करू नका. जुन्या यादीत 'एदलाबाद' असेल तर त्याचे 'मुक्ताईनगर' करू नये. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या अहवालात शहादा आणि तळोदा धुळे जिल्ह्यात दाखवलेले असतील, ते बरोबरच आहे. 'खानदेश' आणि 'खान्देश' ही दोन्ही रूपे आढळली तर दोन्ही राहू द्यावीत. शोधण्याची सोय हवी असेल तर वेगळी सूची जोडावी.

टप्पा ९: साठवण

१. संपादनयोग्य प्रत ओडीटी किंवा डॉकएक्स स्वरूपात ठेवा आणि दस्तऐवजाची भाषा 'मराठी' अशी निश्चित करा. काही फॉन्ट त्यावरूनच 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे दाखवतात. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या. 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट, नोटो किंवा राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा यांपैकी कोणताही चालेल.

२. साधा मजकूर साठवताना एन्कोडिंगच्या चौकटीत 'यूटीएफ-८', म्हणजे युनिकोड साठवण्याचे स्वरूप, आहे, याची खात्री करा. जुन्या नोटपॅडमध्ये तिथे 'एएनएसआय' असते. त्या स्वरूपात देवनागरी साठवली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मजकूर कोणत्याही साधनाने परत मिळत नाही.

३. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना नावात 'यूटीएफ-८' असलेला पर्याय निवडा. सीएसव्ही उघडताना ती दोनदा टिचकी मारून न उघडता 'डेटा' भागातून आयात करा आणि ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) हे संकेतन निवडा.

४. ग्रंथसूची अकारविल्हे लावली की 'क्ष', 'ज्ञ' आणि 'ळ' कोठे गेले ते पाहा. साध्या क्रमवारीत 'क्ष' हा 'क'मध्ये आणि 'ज्ञ' हा 'ज'मध्ये जाऊन बसतो. वाचनालयाची जुनी पद्धत तशी नसेल, तर क्रमवारीच्या पर्यायांत भाषा मराठी निवडून पुन्हा लावा.

५. छपाईसाठी पीडीएफ जरूर काढा, पण तीच एकमेव प्रत ठेवू नका. युनिकोड मजकुराच्या पीडीएफमधून नक्कल केली तरी रफार आणि वेलांट्या पुष्कळदा जागा सोडतात.

मजकूर सार्वजनिक करण्याचा विचार असेल तर हक्क तपासा. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे प्रताधिकार राहतो. स्मरणिकेतील लेख संस्थेने छापले म्हणून ते संस्थेच्या मालकीचे होतातच असे नाही. लेखकांची किंवा वारसांची लेखी संमती घ्यावी.

प्रत्येक दस्तऐवजाबरोबर एक नोंदपत्र ठेवा: मूळ फाइलचे नाव, फॉन्टची संपूर्ण नावे, परिवर्तक आणि त्याची आवृत्ती, रूपांतराची तारीख, कोणत्या सफाई-बदल्या कोणत्या क्रमाने केल्या, आणि कोणती पाने कोणी कागदाशी ताडली. 'मूळ' फोल्डर, तो जुना संगणक आणि डोंगल या तिन्ही गोष्टी नोंदपत्रातील शेवटच्या पानासमोर तपासनिसाची सही होईपर्यंत भंगारात काढू नयेत.